भुरीबाई उठली नाही

दिग्रसला कापसाचा हंगाम लागला की निम्मं गाव खोकतं आणि खोकणाऱ्या प्रत्येकाला एकच निदान मिळतं, रुई गेली असेल. सरकी काढणाऱ्या जिनांतून उडालेली रुई छपरांवर बसते, चहाच्या कपात बसते, मारुतीच्या शेंदरावर बसते. एखाद्याच्या गळ्यात बसायला तिला कोणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे एकसष्ट साली दिवाळीनंतर तांड्यावरची भुरीबाई "गळ्यात गोळा हाय, घास उतरत नाई" असं सांगत दवाखान्यात आली, तेव्हा कंपाउंडरने मान वर न करताच मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या.

तिने गुळण्या केल्या. गोळा हलला नाही. मग मधाचं चाटण झालं, भगताची राख झाली, दर्ग्यातला दोरा झाला. एसटीने यवतमाळला जाऊन एका मोठ्या डॉक्टरांच्या आरशासमोर तोंड उघडून बसणंही झालं. सगळ्यांनी गळ्यात पाहिलं आणि सगळ्यांना तो अगदी स्वच्छ दिसला. इतका स्वच्छ गळा घेऊन ही बाई उपाशी का राहते, हा प्रश्न त्यांनी तिच्या नवऱ्याकडे सोपवला. नवरा धनसिंग शांत माणूस होता. त्याने तो प्रश्न एसटीत घातला आणि परत दिग्रसला आणला. तोवर भुरीबाईच्या दंडावरचे पांढरे चुडे सैल होऊन कोपरापर्यंत उतरले होते.

हा दवाखाना म्हणजे एका जिनवाल्या शेटजींनी आईच्या नावाने काढलेलं जडावबाई प्रसूतिगृह. तिथे डॉक्टर शरयू पिंपळापुरे नुकत्याच आल्या होत्या. नागपूरच्या, तिशी ओलांडलेल्या, अविवाहित. डॉक्टरी झाल्यावर त्यांनी दक्षिणेत दोन वर्षं राहून मनाच्या आजारांचा अभ्यास केला होता. शेटजींना हे कळलं तेव्हा ते काळजीत पडले. म्हणाले, "शिकलात ते चांगलंच केलंत, पण पाटीवर नको. बाळंतिणी बिचकतील." म्हणून पाटीवर फक्त प्रसूती राहिली आणि मन मागच्या खोलीत गेलं. मागच्या खोलीत फिनेलच्या बाटल्या, दोन खुर्च्या आणि एक स्टूल होतं. स्टुलावर जैनबबी बसायची.

जैनबबी दवाखान्यातली जुनी सुईण. तिचे वडील तांड्यातांड्यांवर कापड विकत फिरायचे, त्यामुळे बंजाऱ्यांची गोरबोली तिच्या तोंडात लहानपणापासून होती. भुरीबाईला मराठी येत नव्हती असं नाही. पण तिची मराठी बाजारापुरती होती. वांग्याचा भाव करायला ती पुरायची. त्यापलीकडचं काही बोलायचं तर गोरबोली लागायची आणि गोरबोलीला जैनबबी लागायची.

शरयूबाईंनी धनसिंगला सांगितलं, "दर बाजाराच्या दिवशी दुपारी यांना आणा. तासभर इथं बसतील. जे मनात येईल ते बोलतील."

"सुई नाई का, बाईसाब?"

"सुई नाही."

"गोळी?"

"गोळीही नाही."

धनसिंगने बायकोकडे पाहिलं, डॉक्टरणीकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. शिकलेल्या माणसांशी वाद घालण्याची त्याची पद्धत तीच होती.

शरयूबाईंना शिकवलं होतं ते थोडक्यात असं. डॉक्टरने आपलं काही सांगायचं नाही. सल्ला द्यायचा नाही, घाई करायची नाही. आपल्या आयुष्यातली जुनी माणसं आपल्या आत राहत असतात. कोणी आपलं शांतपणे ऐकत बसलं, की ती माणसं हळूच उठून त्या ऐकणाऱ्याच्या अंगावर जाऊन बसतात. रोगी डॉक्टरवर चिडतो, पण चिडलेला असतो बापावर. असं कोण कुणाच्या जागी येऊन बसलं, ते दोघांनी मिळून ओळखायचं. ते ओळखता आलं की ओझं निम्मं होतं. शरयूबाईंचा यावर विश्वास होता. अडचण एवढीच होती की भुरीबाई बोलतच नव्हती.

पहिल्या बाजारी ती फिनेलच्या बाटल्यांकडे पाहत बसली. दुसऱ्या बाजारीही तेच. शरयूबाई हात मांडीवर ठेवून, चेहरा सौम्य करून समोर बसायच्या. बाहेरून जिनाची धडधड ऐकू यायची. तास संपला की भुरीबाई उठायची आणि जाताना डॉक्टरणीकडे मोठ्या मायेने पाहायची.

"बाई, काई तरी बोला ना थिच्याशी," जैनबबी म्हणायची. "नुसतं पाहून राह्यल्या तं लोकं म्हणतीन, नजर लावते."

"तिला हवं तेव्हा ती बोलेल."

"तोवर थे राह्यली पाह्यजे ना!"

असे बरेच बाजार गेले. मग एका दुपारी भुरीबाई आपणहून जैनबबीकडे वळली आणि हळू आवाजात काही विचारलं. जैनबबीने पदर तोंडाला लावला.

"काय म्हणतात त्या?"

"काई नाई."

"जैनबबी, सगळं सांगायचं असं ठरलंय आपलं."

"म्हणते," जैनबबी छताकडे पाहत म्हणाली, "या बाईच्या घरचं कोन गेलं?"

तांड्यावर कोणाकडे माणूस गेलं की दुपारच्या वेळी बायका येऊन बसतात. काही बोलत नाहीत. हात मांडीवर ठेवतात आणि बसतात. शरयूबाई दर बाजारी नेमकं तसंच बसत होत्या. त्यातून भुरीबाईने जे समजायचं ते समजून घेतलं होतं. या बिचारीच्या घरचं कोणी गेलंय, परक्या गावात हिला जवळ बसायला माणूस नाही, म्हणून ही मला बोलावते. ती इतके दिवस आपल्या गळ्यासाठी येतच नव्हती. उपाशीपोटी, बैलगाडीत हादरे खात ती डॉक्टरणीच्या दुखवट्याला येत होती.

शरयूबाईंना शिकवलेलं उत्तर पाठ होतं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कोण गेलं असेल?"

भुरीबाईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मराठीतच म्हणाली, "माय."

आणि खरंच गेली होती. शरयूबाईंची आई त्या दक्षिणेत असताना गेली, शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यात. वडील व्यवहारी होते. त्यांनी पेपर संपेपर्यंत कळवलं नाही. पेपर छान गेले. शरयूबाई नागपूरला पोचल्या तेव्हा घरात तेराव्याचा स्वयंपाक चालला होता, आणि पोरगी किती खंबीर आहे याचं सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं. इतकं कौतुक झाल्यावर रडणं बरं दिसलं नसतं. ते तेव्हापासून राहूनच गेलं होतं.

यातलं त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा बदलला असावा. कारण भुरीबाई उठली, खुर्ची सोडून आली, दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले आणि रडू लागली. ते साधं रडणं नव्हतं. बंजारा बायका बऱ्याच दिवसांनी आपल्या माणसाला भेटल्या की गळ्यात गळा घालून सुरात रडतात. मधल्या काळात कोण गेलं, काय सोसलं, ते सगळं त्या सुरात सांगतात. एक रडते, दुसरी ऐकते. मग दुसरी रडते, पहिली ऐकते. ओळीच्या शेवटी "याडी ये" असं यायचं, म्हणजे आई गं, आणि खोलीतल्या बाटल्यांवरसुद्धा शहारा यावा असा तो सूर होता.

शरयूबाई ताठ बसल्या. त्यांचे हात मांडीवरच राहिले. रोग्याला स्पर्श करायचा नाही, हा नियम त्यांना त्या क्षणी आठवला, आणि खरं सांगायचं तर नियम आठवला म्हणून त्यांना फार बरं वाटलं. आता शरयूबाईंची रडायची पाळी, म्हणून भुरीबाई थांबली. काही झालं नाही. ती आणखी थोडी थांबली. मग तिने हात काढून घेतले, ओढणी नीट केली आणि तास संपायच्या आत निघून गेली.

जैनबबी डोळे पुसत बसली होती.

"काय म्हणत होत्या?" शरयूबाईंनी विचारलं.

"आधी तुमच्या मायले रडली. तुझी लेक परक्या गावात एकटी बसली म्हणे. मंग थिच्या पोराले रडली. एकच पोरगा होता, रामधन. मंग मोतीबाईले. भैन होती थे थिची, लहानी. घाटंजीकडच्या तांड्यात देल्ली होती."

मग जैनबबीने ते सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी रामधन दिवाळीला मावशीकडे गेला होता. तिथे मावसभावंडांबरोबर विहिरीत पोहायला उतरला आणि वर आला नाही. मोतीबाई स्वतः गाडीसोबत प्रेत घेऊन आली. उतरली आणि अंगणात, सगळ्या तांड्यादेखत, बहिणीपुढे हात पसरून उभी राहिली. भुरीबाई उठली नाही. मोतीबाई तशीच उभी होती. शेवटी शेजारची एक म्हातारी पुढे झाली आणि तिने मोतीबाईला गळ्याशी धरलं. मोतीबाई परत गेली. पुढच्या पावसाळ्यात त्या तांड्यात पटकी आली, त्यात ती गेली. गोळा तेव्हापासूनचा, आता घास अडण्याइतका वाढलेला.

शरयूबाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा की केस उघडली. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. भुरीबाईने मोतीबाईला जसं उभं ठेवलं, तसंच आपण आत्ता भुरीबाईला उभं ठेवलं. तो विचार आल्यावर पहिल्याची त्यांना लाज वाटली.

पुढच्या बाजारी खुर्ची रिकामी राहिली. त्याच्या पुढच्याही. रोगी आपणहून येईल तोवर थांबावं, असं शास्त्र होतं. शरयूबाई थांबल्या. मग धनसिंग एकटाच आला आणि दारात उभा राहिला.

"बाईसाब, आता थे पानीबी घेत नाई," तो म्हणाला. "तुमी काई केलं का थिले?"

"हो," शरयूबाई म्हणाल्या. "चला."

जैनबबीला बरोबर घेऊन त्या तांड्यावर पोचल्या, तेव्हा भुरीबाई ओसरीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टरीण आली म्हणताच बायका जमल्या. शरयूबाई अंगणात उभ्या राहिल्या. काय करायचं ते त्यांनी गाडीत ठरवलं होतं, पण गाडीत बायका नव्हत्या.

"भुरीबाई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी उठलात आणि मी हात मांडीवर ठेवले. ते चुकलं माझं. माझी आई खरंच गेली आहे. तुम्हाला माझा राग आला असेल. तो मला सांगा."

जैनबबीने डोळे मोठे केले. "राग सांगा म्हनून सांगू? लोकाच्या अंगनात येऊन?"

"सांगा."

तिने सांगितलं. भुरीबाई हलली नाही. मग भिंतीलाच म्हणाली, "जाय."

शरयूबाई गेल्या नाहीत.

"जाय म्हटलं ना!" भुरीबाई उठून बसली. पुढचं ती गोरबोलीत बोलली आणि जैनबबी मागोमाग मराठी करत गेली. "दगड हायेस तू. मी तुह्या मायले रडलो. तुले लाज नाई वाटली?"

"वाटली."

"मंग आता कायले आली? तवा काहून नाई धरलं मले? तुह्या भरोशावर देल्लं होतं मी पोरगं!" तिचा आवाज चढला. "सणाले देल्लं. नवा सदरा घालून देल्लं. तू काहून जाऊ देल्लं थ्याले हिरीवर? तुहे पोरं बरे वर आले. माहाच काहून खाली राह्यला?"

शरयूबाईंना मूलबाळ नव्हतं आणि त्यांच्या मालकीची विहीरही नव्हती. अंगणातल्या सगळ्या बायकांना कळलं की ही कोणाशी बोलते आहे. एक म्हातारी काही सांगायला पुढे झाली, तिला शरयूबाईंनी हाताने थांबवलं. अशा वेळी आपल्या वाट्याचं नसलेलंही उभं राहून ऐकायचं, उलटून बोलायचं नाही आणि पळायचं नाही. हे मात्र त्यांना नीट शिकवलेलं होतं, आणि शिकवलेलं कामाला आलं.

भुरीबाई तीन वर्षांचं बोलली. दम लागून थांबली, तेव्हा शरयूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मोतीबाई काय म्हणाली असती?"

भुरीबाईने अंगणाकडे पाहिलं. जणू तिथे अजून कोणी उभं होतं.

"थे काई म्हनली नसती," ती म्हणाली. "थे कवाच काई म्हने नाई. लहानपनापासून मार खाये, पन म्हने नाई."

आणि तिचं तोंड वाकडं झालं. या वेळी शरयूबाई खाटेवर बसल्या आणि त्यांनी तिला धरलं. भुरीबाई सुरात रडली. शरयूबाईंची पाळी आली, तेव्हा त्यांना सूर माहीत नव्हता. त्या नागपूरच्या मध्यमवर्गीय पद्धतीने रडल्या, म्हणजे नाकातून आणि फार वाईट. मागे एक सून फिसकन हसली, तिला सासूने चिमटा काढला. रडणं आटोपल्यावर भुरीबाई गडवाभर पाणी प्यायली. दोन घोट बाहेर आले, बाकीचे उतरले.

यानंतर गोळा गेला आणि सगळं सुखाचं झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. भुरीबाई दर बाजारी येऊ लागली आणि बोलू लागली, इतकं की जैनबबी थकून मधेच म्हणायची, "आता मोतीबाईचंच सांगून राह्यली, मांगच्या बाजारासारखं. पुढं जाऊ द्या." पण पुढे जाण्यासारखं काही नव्हतं. पोर गेलं याचा राग बहिणीवर होता. बहीण गेल्यावर त्या रागाला जायला जागा राहिली नाही. मेलेल्या माणसावर रागावणं पाप, आणि मेलेल्या माणसाची माफी मागायची तरी कशी? राग आणि माफी दोन्ही एकदमच वर यायला पाहत होती आणि गळ्याशी अडकत होती. हे शरयूबाईंनी तिला सांगितलं नाही. बोलता बोलता ते तिचं तिलाच सापडलं. सापडलं त्या दिवशी ती हसली. "येड्यासारखं हाय ना, बाई?" म्हणाली. त्या दिवशी ती वाटीभर आंबील प्यायली. पुढच्या आठवड्यात मात्र परत काही उतरलं नाही.

कधी कधी शरयूबाई आपल्या आईबद्दल एखादं वाक्य बोलत. मग हे बरोबर केलं की चूक, याचा विचार करत त्या घरी जात. तो विचार करायला दिग्रसला त्यांना दुसरं कोणी नव्हतं.

होळी झाल्यावर भुरीबाई म्हणाली, "घाटंजीकडं जातो."

"मोतीबाईच्या तांड्यावर?"

"थिची पोरगी हाय तिथं. जमनाबाई. आता लगनाची झाली असन. थिच्यापुढं हात पसरतो."

शरयूबाईंच्या तोंडाशी आलं होतं, अजून थोडं थांबा, अंगात ताकद येऊ द्या. ते त्यांनी गिळलं. विचारलं, "आणि ती उठली नाही तर?"

"तं नाई उठली," भुरीबाई म्हणाली.

ती गेली. एक बाजार चुकला. पुढच्या बाजारी ती आली, खुर्चीवर बसली आणि बाजाराच्या मराठीत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगू लागली. जैनबबीला काही काम उरलं नाही.

"गेलतो. अंगनात उभी राह्यलो, हात पसरून. पोरगी दळत होती. थिनं पाह्यलं मले. ओळखलं. अन् दळतच राह्यली."

"मग?"

"मंग मी उभीच. पाय दुखाले लागले. थिचं दळन झालं. थिनं पीठ भरलं, जातं पुसलं, अन् आत गेली."

"कोणी धरलं नाही तुम्हाला?"

"थिची सावत्र माय आली होती धराले. बरी बाई हाय. मी नको म्हटलं."

"या अल्ला! काहून नको म्हटलं?" जैनबबी कळवळली.

"थे थिचं काम नोतं."

बाहेर जिनं बंद झाली होती. हंगाम संपत आला होता. शरयूबाईंना रागावावंसं वाटत होतं, त्या पोरीवर, जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण रागावण्याची पाळी त्यांची नव्हती.

"मोतीबाईलेबी असंच झालं असन," भुरीबाई म्हणाली. "हात लय जड होतात बाई, असे पसरून धरले की. मले ठावं नोतं."

ती रडली नाही. शरयूबाईंनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीजवळ ओढली.

"गोळा आहे?"

भुरीबाईने बोटांनी गळा चाचपला. ज्वारी निवडताना खडा शोधावा तसा.

"हाय. पन आता मले माहीत हाय थो कशाचा हाय. पयले मी थ्याले भेत होतो." थोड्या वेळाने म्हणाली, "पोरगी मोतीबाईसारखीच दिसते. नाकात तसाच भुरिया घातला थिनं."

तिने ओढणीची गाठ सोडली. फडक्यात एक भाकर होती आणि वर मिरचीचा ठेचा. भाकर घाटंजीकडची होती. निघताना सावत्र आईने बांधून दिली होती, पीठ त्याच दळणाचं. हे तिने सहज सांगितलं आणि घास तोडला.

तो घास ती फार वेळ चावत राहिली. मग मान थोडी वर करून, डोळे मिटून तिने तो गिळला. गळ्यावर ठेवलेला तिचा हात खाली सरकत गेला, छातीपर्यंत. जैनबबीने पाण्याचा तांब्या पुढे केला. दुसरा घास. तिसऱ्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण तोही गेला. पुढच्या खोलीत कोणा बाळंतिणीला कळा सुरू झाल्या होत्या आणि कंपाउंडर दोनदा दारावर टकटक करून गेला होता.

अर्धी भाकर उरली तेव्हा भुरीबाई थांबली. उरलेली तिने फडक्यात बांधली.

"पोळा झाला की परत जातो," ती म्हणाली. "हे आता घरी जाताना वाटेत खातो."

वाटेत ती खाणार नाही, जमनाबाईच्या हातच्या दळणाची म्हणून जपून ठेवेल, हे तिघींनाही ठाऊक होतं.